गुण आहेत, कागद नाही

आदिवासी वा मागासवर्गीय विद्यार्थ्याचा वैद्यकीय प्रवेश गुणांअभावी हुकतो, असा आपल्या व्यवसायबंधूंचा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आयुर्वेद पदवीसाठीही 2018 पासून ‘नीट’ अनिवार्य झाली आणि आश्रमशाळेत दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाच्या हाती अकरावीला एकाएकी इंग्रजी पुस्तके पडली, की भौतिकशास्त्र जड जाणारच. 2017 पासून प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. पण ज्याने दोन वर्षे ‘मोमेंटम’ घोकला, त्याला परीक्षेत ‘संवेग’ परका वाटतो. तरी ही अडचण शिकवणीने दूर होते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 2015 साली सुरू केलेल्या उपक्रमाने मेळघाटातील मुलांना विनामूल्य शिकवून ते दाखवून दिले आहे.

गुण मिळाल्यावर खरी अडवणूक होते ती जात वैधता प्रमाणपत्रापाशी. प्रांताधिकाऱ्यांचा जातीचा दाखला राखीव जागेसाठी पुरत नाही. तपासणी समितीने तो वैध ठरवावा लागतो. त्यासाठी अनुसूचित जमातीस 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचे, तर अनुसूचित जातीस 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे ठरतात. ज्यांचे आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, त्यांनी शाळेचा दाखला आणावा कोठून?

माझ्या चिकित्सालयात येणाऱ्या एका शेतमजुराच्या मुलीवर हाच प्रसंग आला. आजोबांची नोंद कोठेच नव्हती. अखेरीस तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकात, चुलत आजोबांच्या जन्माची जमातीसह नोंद सापडली. पितृकुळातील रक्ताच्या नात्याचा पुरावा ग्राह्य धरला जातो, हे त्या कुटुंबास कोणी सांगितलेच नव्हते. प्रमाणपत्र हाती आले तेव्हा प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. एक वर्ष गेले.

आपण काय करू शकतो? वर्गणी काढणे सोपे; मात्र येथे पैशाहून ओळख अधिक उपयोगी पडते. तलाठी, मुख्याध्यापक, अभिलेख कक्षातील लिपिक हे आपल्याकडे औषधाला येतात. औषधालयाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यास तालुक्यातील निम्मी घरे ठाऊक असतात. अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश झाला की महाविद्यालयामार्फत वैधतेचा अर्ज करता येतो; निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. नावातील अक्षराची वा आडनावाची तफावत आढळल्यास ती त्याच वेळी प्रतिज्ञापत्राने स्पष्ट करून घ्यावी. (आमच्या पिढीतील शिक्षकांनी हजेरीपटावर आडनावे मनास येतील तशी लिहिली, त्याची किंमत आज नातवंडे मोजत आहेत.)

ती मुलगी दुसऱ्या वर्षी पुन्हा परीक्षेस बसली आणि आता आयुर्वेद महाविद्यालयात शिकत आहे. तिचा धाकटा भाऊ यंदा अकरावीत गेला. त्याच्या अर्जास बहिणीचेच वैधता प्रमाणपत्र जोडले असून, तो अर्ज पहिल्या सत्रातच दाखल झाला आहे.