पन्नास किलोमीटर वाट, साडेबारा मीटर उतार

दक्षिण फ्रान्समधल्या पाँ द्यू गार या रोमन पुलासमोर माणूस आधी उंचीनंच दबतो. गार्दों नदीवर एकावर एक तीन मजली कमानी, 49 मीटर उंची, 50 हजार टन दगड. काही चिरे तर 6-6 टनांचे. खालच्या दोन मजल्यांत चुना वापरलेलाच नाही. घडाईच इतकी चोख, की दगडावर दगड नुसता बसलाय.

पण मला चक्रावून टाकतो तो उतार. हा पूल माणसांसाठी नव्हताच. पहिल्या शतकात बांधलेल्या, नीम शहराला पाणी नेणाऱ्या 50 किलोमीटरच्या पाटाचा तो एक तुकडा. अख्ख्या वाटेवर पाणी उतरतं जेमतेम साडेबारा मीटर, म्हणजे किलोमीटरमागे सरासरी 25 सेंटिमीटर! पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तर अवघे अडीच सेंटिमीटर. दुर्बीण नाही, लेसर नाही. हाताशी होती पाणसळ आणि ओळंबा. तरीही रोज अंदाजे 4 कोटी लिटर पाणी पोचायचं. आपल्याकडचे 10 हजार लिटरचे टँकर धरले, तर दिवसाला 4 हजार खेपा.

जवळ जाऊन पाहिलं, तर दगडांवर कोरलेल्या खुणा आजही दिसतात: कोणता चिरा डाव्या दर्शनी बाजूचा, त्याचा क्रमांक कितवा. परांची टेकवायला बाहेर काढलेले दगडही तसेच आहेत.

देखभाल थांबली तशी पाटाच्या भिंतींवर चुनखडीची पुटं चढली, काही ठिकाणी 40 सेंटिमीटरहून जाड. पाणी बंद झालं, पण पूल टिकला, कारण मध्ययुगात त्यावरून जाणाऱ्यांकडून टोल मिळायचा. मग 1620च्या दशकात ड्यूक ऑफ रोहाँनं तोफा न्यायच्या म्हणून मधल्या मजल्याच्या कमानी एका बाजूनं एक तृतीयांश जाडीइतक्या आत तासल्या. पंधराशे वर्षांत नदीला जमलं नव्हतं, ते तोफांच्या वाटेनं केलं. पूल पार खिळखिळा झाला. 1703मध्ये डागडुजी झाली, 1743 ते 1747 दरम्यान शेजारी चिकटून रस्त्याचा पूल बांधला गेला. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, 1855 ते 1858मध्ये, झिजलेले दगड बदलले, काही खांबांत काँक्रीट भरलं.

पुढे 1958च्या महापुरात खालचा मजला बुडाला, इतर पूल वाहून गेले. हा जागचा हलला नाही. युनेस्कोच्या यादीत तो 1985 साली आला. आता त्याच्यावर वाहनं सोडत नाहीत.