व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकातील घूं

रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावी, जेथे खाऱ्या, दमट हवेने धातूचे सांधे अकाली गंजतात, तेथे व्हॉल्व्हचा जुना गिटार-ध्वनिवर्धक चालू करताच, तारेला बोटही न लावता जी अखंड घूं ऐकू येते, तिचा कसूर तडकाफडकी व्हॉल्व्हवर लादण्यापूर्वी तिचा स्वर ओळखावा. आपल्याकडील वीजप्रवाह सेकंदास 50 आवर्तने करतो. तो एकदिश केल्यावर त्यात 100 आवर्तनांची, म्हणजे पेटीच्या खर्जातील पांढरी पाचच्या जवळपासची लहर उरते, आणि ती गाळणारे कपॅसिटर वयोमानाने सुकले की तीच कर्ण्यातून घुमू लागते. त्याखालच्या सप्तकातील 50 ची घूं मात्र बहुधा व्हॉल्व्हच्या तापतंतूकडे अथवा सदोष अर्थिंगकडे निर्देश करते. आवाजाची कळ शून्यावर आणूनही घूं कायम राहिली, तर बिघाड कळीच्या पुढल्या भागात; लोपली, तर मागे, पुष्कळदा गिटारच्या वायरीतच. स्वरावरून रोग ताडण्याची ही रीत मला वैद्याच्या नाडीपरीक्षेइतकी सुंदर वाटते. तथापि वीज तोडल्यावरही कपॅसिटरांत शेकडो व्होल्टांचा प्राणघातक भार राहू शकतो. जाणकाराने तो रोधकातून निचरून, मीटरने खातरजमा करूनच आत हात घालावा, आणि प्रथम सांगाड्यावरील अर्थिंगचे गंजलेले सांधे घासून त्यांना नव्याने डाख द्यावा.