स्वस्त पडले, पण कोणाला?



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला, की श्रोते बोनस, महागाई भत्ता आणि टाळेबंदी यांची वाट पाहू लागतात. आज आम्ही त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. आज बोलावयाचे आहे ते बाजारहाटावर. आणि तोही सुटीत परदेशी गेलेल्या माणसाच्या बाजारहाटावर. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो, ते हिंगणघाटच्या वाचनालयात आणि मालकांसमोर वाटाघाटीला बसून. तेव्हा अर्थशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु घासाघीस हा आमचा तीस वर्षांचा उद्योग आहे, आणि त्या अनुभवावर दोन शब्द सांगण्यास हरकत नसावी.

एका पिढीमागे आपल्या वर्धा जिल्ह्यातून परदेशी जाणारा माणूस बोटावर मोजण्यासारखा होता. सामान्य माणसाचे परदेश म्हणजे नेपाळ. पशुपतिनाथाच्या दर्शनाला गेलेली मंडळी काठमांडूहून छत्री, बॅटरी, टेपरेकॉर्डर असे काही ना काही घेऊन येत, आणि आठवडाभर शेजारीपाजारी ते हाताळून पाहत. त्याला कारण होते. १९९१ पर्यंत परदेशी वस्तू आपल्याकडे येण्यावर कडक निर्बंध होते आणि आल्या तरी त्यांवर जबर जकात होती. त्यामुळे बाहेर स्वस्त व येथे महाग, हे खरेच होते. १९९१ नंतर दारे उघडली. आज त्याच वस्तू नागपूरच्या सीताबर्डीवर मांडलेल्या दिसतात. पण मनातली समजूत मात्र गेली नाही. आता शिक्षक दांपत्ये, निवृत्त कामगार, दुकानदार बँकॉकला जातात, दुबईला जातात, सिंगापूरला जातात. जाताना पिशवी हलकी आणि येताना जड. ‘स्वस्त मिळाले’ हे वाक्य देवळाच्या प्रसादासारखे घरोघर वाटले जाते.

तर प्रथम हे पाहू, की एकच वस्तू एका देशात स्वस्त व दुसऱ्यात महाग का असते. ढोबळमानाने तीन कारणे आहेत. पहिले, सरकारचा कर. दुसरे, दुकानाचे भाडे आणि विक्रीची उलाढाल. तिसरे, ती वस्तू करणाऱ्याची मजुरी. ग्राहकाला दिसते ते फक्त चिठ्ठीवरचे शेवटचे उत्तर. त्यामागची ही बेरीज-वजाबाकी त्याला दिसत नाही.

सोन्याचेच उदाहरण घ्या. दुबईच्या देरा भागातला सोन्याचा बाजार आपल्या बायाबापड्यांना वर्ध्याच्या सराफ्याइतका तोंडपाठ झाला आहे. परंतु सोने दुबईत खणले जात नाही. त्याचा मूळ भाव साऱ्या जगात जवळजवळ एकच. फरक पडतो तो जकातीने. भारतात सोन्यावरील आयात जकात जुलै २०२२ मध्ये १५ टक्के झाली, तेव्हा हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. जुलै २०२४ मध्ये ती ६ टक्क्यांवर आणली गेली, आणि फरक पुष्कळच आटला. दुबईतही १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे. प्रवाशाला त्याचा मोठा भाग विमानतळावर परत मिळतो खरा, पण कागद दाखवून, रांगेत उभे राहून, आणि काही रक्कम कापून. शिवाय घडणावळ वेगळीच. येथला सराफ तुमच्या तीन पिढ्या ओळखतो. पाटली वाकली, टाका सुटला, तर त्याच्याकडे जाता येते. टाका सुटला म्हणून दुबईला कोण जाणार?

आता दुसऱ्या हिशेबाकडे वळू. समजा, एक मोबाईल फोन येथे ६०,००० रुपयांना आहे. परदेशातील दुकानातली किंमत वर्तमानपत्रातल्या विनिमय दराने ५४,००० रुपये होते. तोंडावर ६,००० रुपयांचा फायदा. पण तुम्ही पैसे कार्डाने दिले. परकी चलनातील व्यवहारावर बँक आपला वाटा घेते. तो साडेतीन टक्के धरू. झाले १,८९० रुपये. मग कस्टम. २०१६ च्या नियमांप्रमाणे परदेशातून परतणाऱ्या भारतीय प्रवाशास ५०,००० रुपयांपर्यंतचा माल जकातीविना आणता येई, आणि नेपाळ, भूतान, म्यानमार येथून आल्यास १५,००० पर्यंतच. वरच्या रकमेवर ३८.५ टक्के जकात. म्हणजे आपल्या उदाहरणात वरच्या ४,००० वर १,५४० रुपये. एकूण खर्च ५७,४३० रुपये. फायदा उरला २,५७० रुपयांचा. आणि तोही पिशवीत दुसरे काहीच नसेल तर. उद्या फोन बिघडला आणि त्याची हमी भारतात चालत नसली, तर तोही गेला. जकातीचे हे आकडे सरकार वेळोवेळी बदलते. म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम पाहून घ्यावा. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही.

या नियमांतल्या तीन खाचाखोचा आमच्या ओळखीच्या मंडळींना महाग पडल्या आहेत. एक : नवराबायकोची सवलत एकत्र करून एकच महाग वस्तू आणता येत नाही. सवलत ज्याची त्याला. दोन : सपाट पडद्याचा टेलिव्हिजन या सवलतीत बसत नाही. २०१३ साली रुपया घसरत असताना लोक बाहेरून टेलिव्हिजन आणीत होते. २६ ऑगस्ट २०१३ पासून सरकारने ती सवलत काढून घेतली. तीन : सोन्याच्या दागिन्यांची जी खास सवलत ऐकिवात असते, ती वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यासाठी आहे, आठ दिवसांच्या प्रवाशासाठी नव्हे. आणि घरचेच दागिने घालून जावयाचे असतील, तर निघताना विमानतळावरील कस्टम अधिकाऱ्याकडून तसा दाखला घ्यावा. नाहीतर येताना आपलेच मंगळसूत्र आपले आहे, हे सिद्ध करण्याची पाळी येते.

आणखी एक लहानशी गोष्ट. परदेशातल्या दुकानात कार्ड दिले, की यंत्र पुष्कळदा विचारते : पैसे रुपयांत द्यावयाचे की तेथल्या चलनात? रुपये पाहून आपल्याला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते आणि आपण रुपयांवर बोट ठेवतो. तेथेच फसतो. तो दर यंत्रवाल्याने ठरविलेला असतो आणि बहुधा आपल्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. तेथल्या चलनावरच बोट ठेवावे.

येथवर झाला तो वहीतला हिशेब. पण बाजारात माणूस वही घेऊन जात नाही. मन घेऊन जातो. त्याची एक हकीकत सांगतो, आणि तीत आमचाही दोष आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही बाराजण कलकत्त्यावरून बँकॉकला गेलो. बहुतेक निवृत्त गिरणी कामगार. प्रॉव्हिडंट फंडातून थोडे बाजूला काढलेले, ‘एकदा विमानात बसायचे’ एवढीच हौस. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघे एका देवळाकडे निघालो. रस्त्यावरच्या एका सभ्य गृहस्थाने सांगितले, की देऊळ आज दुपारपर्यंत बंद आहे. मात्र आज सरकारी रत्नविक्रीचा शेवटचा दिवस आहे. जवळच तीनचाकी टुकटुक उभीच होती. चालकाने भाडे मागितले ते इतके थोडे, की तेथेच आम्हांस शंका यावयास हवी होती. दुकानात थंडगार सरबत मिळाले. आमच्यातले एक जुने जॉबर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांनी मुलीच्या लग्नासाठी नीलमाचे चार खडे घेतले. ‘गावी तिप्पट भाव येईल,’ असे विक्रेता सांगत होता. आमच्या मनात आले, की जो माल तिप्पट भावाने विकता येतो तो हा मनुष्य आम्हांला का देतो आहे? मालकाच्या ताळेबंदावर आम्ही तासन् तास प्रश्न विचारले आहेत. त्या दिवशी एक प्रश्न विचारला नाही. दादांचा उत्साह मोडू नये म्हणून गप्प बसलो.

परत आल्यावर दादा ते खडे घेऊन सराफाकडे गेले. सराफाने भिंग लावले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, ‘दादा, खडे ठेवा घरी. अंगठीत छान दिसतील.’ दादांना समजले. किंमत दिल्याच्या दहाव्या हिश्शाचीही नव्हती. त्यांनी आम्हांला एका शब्दानेही बोल लावला नाही. तो लावला असता तर बरे झाले असते. पुढे आम्ही चौकशी केली तेव्हा कळले, की बँकॉकची ही युक्ती फार जुनी आहे. देऊळ बंद असल्याची थाप, शेवटच्या दिवसाची घाई आणि कमिशनवर चालणारी टुकटुक, हे सारे ठरलेले असते. ‘सरकारी’ आणि ‘शेवटचा दिवस’ हे दोन शब्द एकत्र ऐकले, की पाऊल मागे घ्यावे, एवढा धडा त्यातून घेतला.

आता तिसरे कारण : मजुरी. त्याच प्रवासात प्रतूनामच्या कापडबाजारात आम्ही एका बाईशी घासाघीस करून सदऱ्याचा भाव निम्म्यावर आणला आणि विजयी मुद्रेने खोलीवर आलो. रात्री सदरा उलटा करून पाहिला. सवयच आमची, शिवण पाहावयाची. सरळ, बारीक, एक टाका चुकलेला नाही. मनात आले, निम्म्या भावात कापड आले, दोरा आला, भाडे आले, त्या बाईची पोळी आली. मग शिवणाऱ्याच्या हातावर काय पडले असेल?

हा प्रश्न रिकाम्या वेळचा नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तीत पाश्चात्त्य बाजारपेठांसाठी कपडे शिवणारे पाच कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते; तरी कामगारांना सकाळी कामावर बोलावले गेले. १,१३४ माणसे गेली. त्यानंतर महिन्याभरात जागतिक कामगार संघटना व कपड्यांच्या कंपन्या यांच्यात इमारतींच्या सुरक्षिततेचा, कायद्याने बंधनकारक असा करार झाला. हा करार आधीही होऊ शकला असता. चिठ्ठीवरचा आकडा खाली राहावा म्हणून तो झाला नव्हता.

आपल्या जिल्ह्याला हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. हिंगणघाटचा कापूस एके काळी लँकेशायरच्या गिरण्यांना ठाऊक होता. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कापसाच्या गाठी बाहेर गेल्या आणि गिरणीचे स्वस्त कापड आत आले. घेणाऱ्याला ते स्वस्त पडले. माग थांबला तो विणकराचा. पुढे याच वर्ध्यात मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचे काम करीत होते. वस्तू कशी तयार झाली याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावरही येते, असा त्यांचा आग्रह होता. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही तेथे आहे. बँकॉकचा बाजार पाहणाऱ्याने तेही एकदा पाहावे. तिकिटाला विमानभाडे लागत नाही.

म्हणून परदेशी खरेदी करू नये, असे आम्ही म्हणतो काय? मुळीच नाही. जन्मभर पै-पैचा हिशेब केलेल्या माणसाने चार पैसे वाचविण्यात आनंद मानला, तर त्याला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. नातवाला खेळणे आणावे, सुनेला साडीपेक्षा वेगळे काही आणावे, जे येथे मिळत नाही ते जरूर आणावे. स्वस्ताची हौस गरिबाला असणारच. मात्र घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. घरी पोचेपर्यंत हे खरोखर कितीला पडेल? बिघडले तर कोणाच्या दारात जाऊ? आणि हे इतके स्वस्त कशामुळे झाले? करामुळे झाले असेल, तर तो आपला फायदा. विक्रेत्याच्या थापेमुळे झाले असेल, तर ते आपले नुकसान. आणि करणाऱ्याच्या पोटाला चिमटा बसून झाले असेल, तर तो पैसा आपल्यासारख्याच कोणाच्या तरी खिशातून आलेला आहे.

दादांच्या मुलीचे लग्न झाले. खडे अंगठीत बसविले आहेत, आणि सराफ म्हणाला तसे ते छान दिसतात. पण ती अंगठी दिसली, की आम्ही नजर दुसरीकडे वळवितो. विचारावयाचा एकच प्रश्न होता, आणि तो विचारण्याचे आमचे काम होते. तुम्ही प्रवासाला निघाल तेव्हा तुमच्याही सोबत कोणी दादा असतील. त्यांचा उत्साह मोडला तरी चालेल, तुम्ही विचारा.