सेल्फ मारला, इंजिन सुरू झालं, आणि बंद पडलं

ट्रक सुरूच होत नसेल तर निदान तुलनेने सोपं असतं. सुरू होऊन दहा-वीस सेकंदांत बंद पडणारा ट्रक मात्र भल्याभल्यांना फसवतो. कळंबोलीसारख्या ट्रक टर्मिनलवर अशी गाडी उभी राहिली की भोवती चार जण जमतात आणि चार निदानं होतात. त्यातलं पहिलं ठरलेलं: ‘बॅटरी उतरलीय.’

बॅटरीने आपलं सगळ्यात अवजड काम तर केलेलं असतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टनने दाबलेली हवाच इतकी तापते की तिच्यात उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. सेल्फने इंजिन फिरवलं आणि ते एकदा पेटलं, म्हणजे बॅटरी, सेल्फ आणि बऱ्याच अंशी कॉम्प्रेशन यांची परीक्षा पास झाली. जुन्या, ओढायच्या स्टॉप केबलच्या गाडीत तर पुढे चालत राहायला इंजिनाला विजेची गरजच नसते. ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) असलेल्या गाडीत सैल टर्मिनल किंवा गंजलेली अर्थिंग घात करू शकते, हे खरं. पण तिथेही नवी बॅटरी विकत घेण्याआधी पाना फिरवून टर्मिनल घट्ट करायला पैसे पडत नाहीत.

खरा प्रश्न असा, की इंजिन किती वेळाने बंद पडलं आणि कसं? चावी फिरवल्यासारखं झटक्यात, की गुरगुरत, वर-खाली होत? झटक्यात बंद पडलं तर आधी वायर, फ्यूज, रिले आणि स्टॉप सोलेनॉइडकडे बघावं. काही सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात, एक खेचणारी आणि एक धरून ठेवणारी. धरून ठेवणारी जळाली की सेल्फ चालू असेपर्यंत इंजिन धडधडतं आणि चावी सोडताच मरतं. हे लक्षण इतकं स्पष्ट असतं, की तरीही कुणी डिझेल पंप उतरवायला घेतला तर त्याचा हात धरावा.

गुरगुरत बंद पडलं तर मामला डिझेलचा. इथे सगळ्यात हट्टी गैरसमज भेटतो: ‘खाली एक थेंब गळत नाही, म्हणजे लाइन ठीक आहे.’ टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. शहाळ्याच्या स्ट्रॉला भोक पडलं तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते, तसंच हे. तडकलेली रबरी नळी, सैल क्लिप, दबलेला तांब्याचा वॉशर, फिल्टरचं नीट न बसलेलं रबर, यांतलं काहीही हवा आत घेतं. रात्री गाडी उभी असताना त्याच फटीतून हवा शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं. सकाळी पंपात आणि फिल्टरमध्ये जे उरलेलं असतं त्यावर इंजिन सुरू होतं, पण मागून डिझेलऐवजी बुडबुडे येतात. तेवढा साठा संपला की खेळ खलास.

मग फिटर फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करतो, हँड पंप मारतो, बुडबुडे जाऊन सलग डिझेल येईपर्यंत थांबतो, स्क्रू आवळतो. गाडी सुरू होते, चहा होतो, सगळे खूश. ‘एअर काढली, काम झालं!’ टाकी कोरडी पडली असेल किंवा नुकताच फिल्टर बदलला असेल, तर खरंच झालं. रोज सकाळी एअर काढावी लागत असेल तर ती कुठून शिरते हे कुणी शोधलेलंच नाही. शोधायची रीत स्वस्त आहे. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडायची. बुडबुडे दिसले तर दोष मागे आहे. मग पंपाची नळी थेट स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवायची. इंजिन आता बिनतक्रार चाललं, तर टाकी, तिच्यातली गाळणी आणि तिथून येणारी लाइन एवढ्याच जागा संशयित उरतात. तरीही बंद पडलं तर फीड पंपापासून पुढे बघायचं. अर्ध्या तासात अर्धी गाडी निर्दोष ठरते.

इंजिन सेकंदांत न मरता वीस-पंचवीस मिनिटं धावून मरत असेल, तर टाकीचं झाकण उघडून बघा. ‘सुस्स’ करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वासछिद्र बुजलंय.

‘नोझल गेले असतील’ हेही वारंवार ऐकू येतं. साध्या पंपाच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात एक नोझल बिघडला तर मिसिंग होईल, धूर येईल. बाकीची पाच सिलिंडर इंजिन चालवत राहतात. सहाही नोझल एकाच सकाळी जात नाहीत. पंपाचंही तसंच. ‘मायको’ पंप (कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं, तरी गॅरेजमध्ये मायकोच) कॅलिब्रेशनला पाठवणं हे बहुधा शेवटचं पाऊल असायला हवं, आणि अनेकदा ते पहिलं असतं.

कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळणाऱ्या इंजिनात, हा हिशेब थोडा बदलतो. तिथे रेलमध्ये साधारण २०० बारच्या आसपास दाब जमल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाहीत. एखादा इंजेक्टर रिटर्न लाइनमध्ये जास्त डिझेल सोडत असेल तर तो एकटा सगळ्यांचा दाब घालवू शकतो. सर्व इंजेक्टरचं परत येणारं डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत धरून तुलना केली की चोर सापडतो. पण इथल्या नव्या गैरसमजाचं नाव स्कॅनर. ‘रेल प्रेशर कमी’ असा कोड आला की सेन्सर बदलायचा! कोड फक्त दाब कमी आहे एवढं सांगतो. का कमी आहे ते नाही. चोंदलेल्या फिल्टरनेही तोच कोड येतो. आणि एक: चालू इंजिनाची हाय प्रेशर नळी जुन्या सवयीने सैल करू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो आणि बोट गमावायची वेळ येते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण-नियम आल्यावर दोष द्यायला ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण, हे नवं गिऱ्हाईक मिळालं. ते संपलं तर आधी इशारे येतात, ताकद कमी होते, पुढे वेगावर मर्यादा येते. सुरू केलेलं इंजिन दहा सेकंदांत मारणं हे त्याचं काम नाही.

उरले जुगाड. एअर इनटेकला पेट्रोलचा बोळा धरून इंजिन चालतं खरं, आणि बोळा काढताच मेलं तर डिझेल पोहोचत नाही हेही कळतं. पण हे कळायला आगीचा धोका पत्करायची गरज नाही, पारदर्शक नळी तेच सांगते. इनटेकमध्ये हीटर असेल तर हा प्रयोग स्फोटाला आमंत्रण आहे.

दुसरा जुगाड लेह किंवा लाहौलकडे माल घेऊन जाणाऱ्यांचा. मैदानात भरलेल्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत गोठतं. नळीतल्या डिझेलवर इंजिन सुरू होतं, मेण फिल्टर बुजवतं, इंजिन बंद. यासाठीच २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखमध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं. तरीही टाकीखाली शेकोटी पेटवणारे दिसतात. गोठलेलं असतं ते बहुतेकदा फिल्टरमध्ये, आणि त्यावर किटलीभर गरम पाणी पुरतं.