झूल उतरल्यावर

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आपल्या अक्कलकोट भागात बैलांची पूजा ज्येष्ठ पौर्णिमेला, कारहुणवीला होते. माझं माहेर मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यातलं आणि सासर कन्नड बोलणारं. त्यामुळे मी वर्षातून दोनदा बैलाला ओवाळते. माहेरी तो 'पवळ्या', सासरी 'बसवण्णा'. पण वय झाल्यावर या पवळ्याचं आणि बसवण्णाचं पुढे काय होतं, हे सणाच्या दिवशी कोणी विचारत नाही.

पांढुर्णा आणि सौंसर बाहेरच्यांना ठाऊक आहेत ते संत्र्यांमुळे आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, पण घराघरातली बोली मराठी. वर्धा, नागपूर, छिंदवाडा हा पट्टा गवळाऊ जातीच्या पांढऱ्या, चपळ गुरांचा. बैल साधारण चौथ्या वर्षी जुवाखाली येतो, दहा-बारा वर्षं राबतो आणि त्यानंतरही काही वर्षं जगतो. खरा प्रश्न या शेवटच्या वर्षांचा आहे.

ट्रॅक्टर आल्यापासून तो आणखी अवघड झाला. देशात २०१२ च्या पशुगणनेत गोवंशातले नर सुमारे ६.८ कोटी होते, २०१९ मध्ये ते सुमारे ४.७ कोटी उरले. ज्याचं काम गेलं त्याचा गोठाही गेला.

कायदा नाही असं नाही. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गायीबरोबर बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. महाराष्ट्रात बैलाला हे संरक्षण मिळालं मार्च २०१५ मध्ये. म्हणजे मधली दहा-अकरा वर्षं सौंसरच्या गोठ्यात एक कायदा आणि काही कोसांवरच्या नागपूर जिल्ह्यात दुसरा. कर्नाटकानेही कडक कायदा आणला तो २०२१ मध्ये. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हे नवं नाही. जिथे दोन कायदे असतात, तिथे जनावराचे पाय सैल कायद्याच्या बाजूला वळवले जातात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, तेव्हा नकोसे घोडे मेक्सिको आणि कॅनडात जाऊ लागले. कत्तलीवर बंदी आली तरी मालकाला ते घोडे नकोसेच होते. म्हणून तिथल्या प्राणिप्रेमी मंडळींनी म्हाताऱ्या घोड्यांसाठी नवी घरं शोधायचं काम हाती घेतलं.

आमच्या घरी ट्रॅक्टर आला तेव्हा पवळ्या थकला होता. व्यापारी दारात येऊन बसला. दादाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता होता, त्यामुळे त्याला दोष देता येत नव्हता. आई एवढंच म्हणाली, "ज्याच्या पाठीवर झूल टाकली, त्याले बाजारात नेऊ नका." पवळ्या राहिला. पण त्याला रोज सात-आठ किलो कडबा-कुटार लागायचं, ते दादालाच जमवावं लागलं. ममतेलाही वैरण लागते, हे मी त्या वर्षी जवळून पाहिलं.

वर्ध्याच्या मंडळींना हे फार आधी कळलं होतं. जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोसेवा संघाला दिले. १९४२ मध्ये ते गेले. जवळच नालवाडीला चर्मालय चालत होतं, तिथे आपल्या मरणाने मेलेल्या जनावरांचं कातडं कमावलं जाई. विचार साधा होता. शेण, मूत, खत आणि शेवटी कातडं यांचा हिशेब जमला, तर म्हातारं जनावर ओझं होत नाही.

आज त्यात सरकारी मदतीची भर पडली आहे. मध्य प्रदेशात गोशाळांना दर जनावरामागे रोज २० रुपये मिळत, ते २०२५ मध्ये ४० झाले. कर्नाटकाने २०२२ मध्ये 'पुण्यकोटी दत्तू योजना' काढली. त्यात वर्षाला ११,००० रुपये भरून गोशाळेतलं जनावर दत्तक घेता येईल, अशी सोय केली. पुण्यकोटी कोण, हे कन्नड घरातल्या मुलांना सांगावं लागत नाही. दिलेल्या शब्दाला जागणारी ती गाय.

आपल्या हातात काय आहे? बैल द्यायचाच असेल तर व्यापाऱ्याऐवजी गोशाळेला किंवा ओळखीच्या लहान शेतकऱ्याला द्या. गोशाळा आधी स्वतः पाहा. पाणी, सावली आणि चाऱ्याचा साठा बघा. काही ठिकाणी फक्त गायी घेतात, तेही विचारून घ्या. कानातल्या बारा अंकी बिल्ल्याची नोंद नव्या मालकाच्या नावावर करून घ्या. वाटेत कोंबून भरलेली गाडी दिसली तर पोलिसांना कळवा, स्वतः हात उचलू नका. खटला चालू असेपर्यंत अशी जनावरं गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवण्याची आणि त्यांचा खर्च मालकाकडून घेण्याची तरतूद २०१७ च्या नियमांत आहे.

शहरात राहणाऱ्यांनी सणाच्या खर्चातून एका बैलाची महिनाभराची वैरण बाजूला काढली तरी खूप झालं. पोळा असो की कारहुणवी, आपण बैलाला जेवायचं आवतण देतो. ते एका दिवसापुरतं नसावं.