तान्ह्या बाळाचा विमानप्रवास

ईसा टाउनमधल्या शाळांना उन्हाळी सुट्टी लागली, की आपल्या घरोघरी बॅगा भरायला सुरुवात होते. मोठी मुले या प्रवासाला सरावलेली असतात. काळजी वाटते ती तान्ह्या बाळाची. बहरीन ते मुंबई थेट प्रवास सुमारे चार तासांचा. काही गोष्टी आधी समजून घेतल्या, तर तो सुखाचा होतो.

प्रथम कागदपत्रे. आई-वडील परदेशी असतील, तर केवळ इथे जन्मल्यामुळे बाळाला बहरीनचे नागरिकत्व मिळत नाही. भारतीय पालकांनी जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदणी करून घ्यावी; मुदत टळल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळाला स्वतःचा पासपोर्ट हवा. परत येण्यासाठी त्याचा इथला रहिवास परवानाही निघण्यापूर्वी झालेला असावा.

दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर बसवून नेल्यास आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के आकार पडतो. मुक्कामात दुसरा वाढदिवस येणार असेल, तर परतीला वेगळी जागा घ्यावी लागते. पुढच्या भिंतीला लावण्याचा पाळणा मोजकाच असतो आणि त्याला वजनाची मर्यादा असते. म्हणून तिकीट काढतानाच तो मागून ठेवावा.

विमान उतरताना बाळ का रडते? उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या इतका असतो. विमान खाली येऊ लागले, की हा दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. घसा व कान जोडणारी नळी गिळताना उघडते. मोठी माणसे आवंढा गिळतात, बाळाला ते कळत नाही. म्हणून त्याला अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. मात्र चाके टेकण्याची वाट पाहू नये. विमान साधारण अर्धा तास आधीच उतरू लागते, तेव्हापासून पाजावे. सर्दी किंवा कान दुखत असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. बाळ झोपावे म्हणून जास्तीचे जायफळ किंवा सर्दीचे औषध देऊ नये. जायफळ प्रमाणाबाहेर गेल्यास विषारी ठरते आणि त्या औषधाने काही मुले उलट अधिकच चळवळी होतात.

मांडीवरचे बाळ कितपत सुरक्षित, हा प्रश्न 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटी येथे झालेल्या अपघाताने ऐरणीवर आला. त्या विमानात चार मुले मांडीवर होती. त्यांना पायाशी जमिनीवर ठेवण्यास पालकांना सांगण्यात आले; त्यांतले एक दगावले. तेथील हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पुढे लहान मुलांच्या स्वतंत्र आसनासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. अमेरिकन विमान प्रशासनाने 2005 साली सक्ती नाकारली. कारण असे, की जादा तिकीट परवडले नाही तर कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्ता विमानापेक्षा धोक्याचा आहे.

हे कारण आपल्यालाही लागू पडते. कोल्हापूर-सांगलीकडे जाणाऱ्यांचा मुंबईनंतरचा रस्ता विमानापेक्षा दुप्पट वेळ खातो आणि तिथे बाळ बहुधा आईच्या मांडीवरच असते. ऐपत असेल तर बाळासाठी वेगळी जागा घेऊन विमान कंपनीने मान्य केलेले मोटारीचे बाल-आसन बरोबर न्यावे. तेच पुढे टॅक्सीतही वापरता येईल. ते शक्य नसल्यास विमानात बाळासाठी मिळणारा जोडपट्टा बांधावा. आपल्याच पट्ट्यात बाळाला कधीही घेऊ नये. धक्का बसल्यास आपले सारे वजन त्याच्यावर पडते.

दूध आणि बाळाचा खाऊ यांना हातसामानातील 100 मिलिलिटरची मर्यादा सहसा लागू होत नाही, मात्र तपासणीच्या वेळी ते वेगळे दाखवावे. दुपटी, झबली आणि लंगोट चार तासांपुरते न घेता दिवसभराचे घ्यावेत. भारताचे घड्याळ अडीच तास पुढे असल्याने रात्री निघालेले विमान पहाटे पोहोचते. शक्य असल्यास मुंबईत कोणा नातलगाकडे विसावा घेऊन, आंघोळ-झोप उरकून मगच गावचा रस्ता धरावा. आजी-आजोबांनी इतके महिने वाट पाहिली आहे. आणखी अर्धा दिवस ते आनंदाने पाहतील.