वजन उतरविणे आणि समतोल आहार

वजन उतरवू इच्छिणारा मनुष्य बहुधा प्रथम जेवण तोडतो. काही दिवसांतच काटा खाली येतो; त्यास समाधान वाटते. परंतु थोड्याच महिन्यांत गेलेले वजन परत येते. यात केवळ मनोनिग्रहाचा अभाव असतो असे मानणे योग्य नव्हे. शरीराच्या स्वाभाविक व्यापारांत याचे कारण सापडते.

ऊर्जेचा जमाखर्च

अन्नातील ऊर्जा किलोकॅलरी या परिमाणाने मोजतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून अथवा प्रथिनापासून सुमारे ४, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. खर्चापेक्षा अधिक मिळालेली ऊर्जा मुख्यतः चरबीच्या रूपाने साठते. एक किलोग्रॅम चरबीयुक्त ऊतीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणून रोज ५०० किलोकॅलरी कमी घेतल्यास आठवड्यास सुमारे अर्धा किलोग्रॅम वजन घटावे, असा स्थूल हिशेब निघतो.

मग उपवासाच्या पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलोग्रॅम कसे उतरतात? यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा शर्करेचा साठा असतो व त्याबरोबर त्याच्या कित्येक पट पाणी धरलेले असते. उपवासात हा साठा प्रथम खर्च होतो आणि पाणी बाहेर पडते. काट्यावरील ही घट बव्हंशी पाण्याची असते, चरबीची नव्हे.

उपासमारीत शरीर काय करते?

१९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या सुमारे निम्माच आहार दिला गेला. त्यांचे वजन जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटले. परंतु विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्चही सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. शरीराने जणू आपली भट्टी मंद केली. चरबीबरोबर स्नायूही झिजले. थकवा आला, थंडी सोसवेना आणि मनात अन्नावाचून दुसरा विचार राहिला नाही. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावर भूक आवरेनाशी झाली. चरबी प्रथम भरून आली. स्नायू मात्र मागे राहिले.

हे तरुण स्थूल नव्हते. तेव्हा हे आकडे स्थूल व्यक्तीस जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. तथापि तीव्र उपासात ऊर्जाखर्च घटणे, भूक वाढणे व स्नायू झिजणे या गोष्टी तिच्याही बाबतीत घडतात.

ताट कसे असावे?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. भारतीय आहारात ५० ते ७० टक्के ऊर्जा एकट्या धान्यांपासून येते, असे तीत म्हटले आहे. ती ४५ टक्क्यांपर्यंत असावी अशी शिफारस आहे. म्हणजे बंगालमधील भात असो, पंजाबातील रोटी असो वा महाराष्ट्रातील भाकरी असो, तिचे प्रमाण थोडे घटवून तिच्या जागी डाळी, उसळी, दही, अंडी अथवा मासे आणि भरपूर भाज्या घ्याव्यात. प्रथिनांमुळे स्नायूंची झीज कमी होते व भूक अधिक काळ भागते. भाज्यांतील तंतुमय भागाने थोड्या ऊर्जेत पोट भरते.

तेल व साखर यांकडे विशेष लक्ष हवे. दहा ग्रॅम तेलात सुमारे ९० किलोकॅलरी असतात. म्हणजे जवळजवळ एका लहान फुलक्याइतकी ऊर्जा, तीही पोट न भरता. वरण सोडून फोडणी तशीच ठेवणारा मनुष्य उपयुक्त ते टाकतो आणि अनावश्यक ते राखतो.

दर आठवड्यास अर्धा किलोग्रॅम घट सुरक्षित मानली आहे. दिवसाचा आहार १,००० किलोकॅलरींच्या खाली नेऊ नये. रोज चालणे व स्नायूंना ताण देणारा व्यायाम यांची जोड असावी. मुले, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, तसेच मधुमेहावर औषधे घेणारे रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून आहार घटवू नये.

उतरलेल्या वजनाच्या शरीराचा ऊर्जाखर्चही पूर्वीपेक्षा कमीच राहतो. म्हणून जुन्या आहाराकडे परतताच वजनही परतते. जो आहार वर्षानुवर्षे, घरातील सर्वांसह आणि उपाशी न राहता घेता येईल, तोच वजन उतरविण्यास व उतरलेले राखण्यास योग्य होय.